हरणासाठी रायफल की पिकासाठी राखण?



मागच्या जिल्हा बैठकीत सभा संपली, सतरंज्या गुंडाळणे चालू होते, तेवढ्यात एका तरुणाने मला बाजूला घेतले. पंचविशीचा असेल. पाच एकर कोरडवाहू. तीन एकर कपाशी, दोन एकर ज्वारी. म्हणाला, "भाऊ, हरणासाठी रायफल घ्यावी म्हणतो. पहिलीच आहे, त्यातलं काही कळत नाही. स्वस्तात कोणती मिळंल? किती बोअरची घ्यावी?"

मी त्याला हसलो नाही. त्याच्या ज्वारीचे कणीस दुधात असताना एका रात्रीत डुकरांनी अर्धा एकर आडवा केला होता. मागून पेरलेल्या हरभऱ्याचे शेंडे हरणांच्या कळपाने खुडून नेले. बोंडअळीसाठी औषध आहे, मग या चार पायांच्या किडीसाठी रायफल का नसावी, असा त्याचा सरळ हिशोब होता. मी शेतकी कॉलेजात चार वर्षे काढली. कीड कोणती, रोग कोणता, फवारा किती, सगळे पाठ केले. पण रात्री बारा वाजता कळपाने येणाऱ्या किडीवर एक धडासुद्धा अभ्यासक्रमात नव्हता. त्यामुळे उत्तर माझ्याकडेही तयार नव्हते. "पुढच्या अंकात लिहितो," एवढेच त्याला सांगितले.

मग विचार केला, पिकाच्या राखणीसाठी बंदूक ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या आहे, त्यांनाच विचारावे. आपल्या राज्यात असा जिल्हा म्हणजे सिंधुदुर्ग. कामानिमित्त मालवणला जाणे झाले, तेव्हा मुद्दाम दोन दिवस जास्त राहिलो.

कोकणातली बंदूक

मालवण म्हटले की आपल्याला किल्ला, मासे आणि पर्यटक आठवतात. पण किनारा सोडून कट्टा, मसुरे, पोईप या बाजूला आत शिरा, की तिथला शेतकरी आपलाच भाऊ निघतो. आपली कपाशी-ज्वारी, त्याचे भात, काजू, आंबा आणि नारळ. पीक वेगळे, रात्र तीच. भात पोटरीला आले की डुक्कर येते. काजूचा हंगाम आला की माकडे आणि वानरे बागेत उतरतात. सह्याद्रीच्या पायथ्याला गव्यांचे कळप वायंगणी भातात आणि भाजीपाल्यात शिरतात. दोडामार्ग तालुक्यात तर २००२ सालापासून कर्नाटकातून हत्ती उतरले आणि केळी, माड, पोफळी यांची वाट लावून गेले. आपल्याकडे डुक्कर आणि रोही आहेत म्हणून आपण रडतो. त्यांच्या नशिबी हत्तीसुद्धा आहे.

तिथल्या अनेक जुन्या घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. बहुतेक ठासणीची, काहींकडे एक नळीची, काडतुसाची. मी ज्यांच्या ओटीवर बसलो होतो ते सत्तरीचे तात्या. मी त्यांना आपल्या पोराचा प्रश्न सांगितला. तात्यांनी पानाचा डबा बंद केला आणि म्हणाले, "हरणाक रायफल? त्येका सांगा, आदी वकील बघ, मगे रायफल बघ." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "बंदूक आसली म्हणान डुकर थांबणा नाय. रातभर कोणतरी जागूक व्हयोच."

या दोन वाक्यांत सगळे उत्तर आहे. बाकी मी फक्त फोड करून सांगतो.

आधी वकील

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ प्रमाणे अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार बंद आहे. चितळ, सांबर, भेकर, काळवीट हे सगळे त्यात आले. शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. फासकी लावणे, विष घालणे, हाका घालून जनावर काढणे, आमिष ठेवणे, जखमी करणे आणि यातले काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सगळे कायद्याच्या भाषेत शिकारच. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे तुरुंग आहे. १९९८ साली जोधपूरजवळ काळवीट मारल्याचा खटला एका बड्या सिनेनटावर झाला. वीस वर्षे तारखा चालल्या आणि २०१८ साली खालच्या कोर्टाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच्याकडे वकिलांची फौज होती. आपल्या पोराकडे पाच एकर आहेत. पहिल्या तीन तारखांतच त्यातला एक एकर जाईल.

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट लिहून ठेवा. या देशात शेतकऱ्यासाठी 'हरणाची रायफल' नावाची वस्तू नाही. अमेरिकेत हंगाम ठरवून, पैसे भरून, परवाना काढून लोक हरीण मारतात आणि मांस घरी नेतात. तिकडच्या गोष्टी वाचून इकडे बोअर ठरवू नका.

मग कायद्यात शेतकऱ्याला काहीच वाट नाही का? आहे, पण अरुंद आहे. कलम ११ प्रमाणे माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या प्राण्याच्या पारधीचा लेखी परवाना अधिकारी देऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी मात्र पिकाचे नुकसान हे कारण चालत नाही आणि परवान्याचा अधिकार थेट मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आहे. २०१५ साली राज्य सरकारने रानडुक्कर आणि रोही या दोन प्राण्यांपुरती परवान्याची पद्धत सोपी करण्याचा निर्णय काढला. हरणांसाठी अशी सोय नाही. आणि परवाना घेऊन मारलेले जनावरसुद्धा तुमचे नाही, ते सरकारचे. त्याचे मांस घरी नेले की राखणदाराचा शिकारी होतो आणि शिकाऱ्याचा आरोपी. माणसावर चालून आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेले तर तो गुन्हा नाही, हे याच कलमात आहे. पण 'पीक वाचवताना' असे तिथे लिहिलेले नाही. पिकासाठी आधी परवाना, मग बार.

मग नळी

आता पोराच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. किती बोअरची?

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याचा उल्लेख आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा आणि ठासणीच्या बंदुकीने काम भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर साध्या नळीची दुसरी बंदूक द्यावी, असे ते कलम म्हणते. साधी नळी म्हणजे आतून गुळगुळीत. रायफलच्या नळीला आतून पेचदार आटे असतात, त्यामुळे गोळी गरगर फिरत सरळ आणि लांब जाते. पीकसंरक्षणाच्या या तरतुदीत रायफल बसत नाही. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत आलेली ३१५ बोअरची रायफल तुम्ही कुणाकडे पाहिली असेल. पण तिच्या परवान्यासाठी वेगळे सबळ कारण दाखवावे लागते आणि 'हरीण' हे कारण होऊ शकत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी मी रायफल नको म्हणेन. कोकणात डोंगर आहे, झाड आहे, पाठीमागे माती आहे. आपला मुलूख सपाट. रायफलची गोळी नेम चुकला तर दोन-तीन किलोमीटरपर्यंत जीव घेऊ शकते. तुमच्या ज्वारीपलीकडे शेजाऱ्याची ज्वारी, तिच्यात माळा आणि माळ्यावर त्याचा पोरगा राखणीला झोपलेला. डुक्कर वाचले तरी चालेल, तो पोरगा वाचला पाहिजे.

म्हणून शेतकऱ्याच्या हातात शोभणारी दोनच हत्यारे आहेत. दोन्हींचे गुणदोष तात्यांनी मला समोर ठेवून दाखवले.

ठासणीची बंदूक स्वस्त. नळीच्या तोंडातून दारू, मग बोळा, मग छरे, आणि गजाने ठासायचे. मागे केप बसवायची. एक बार झाला की पुन्हा सगळा खटाटोप. आवाज मात्र दणदणीत, आणि राखणीचे निम्मे काम आवाजच करतो. हिच्यात फक्त काळी दारू चालते. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू हिच्यात भरली तर नळी फुटते आणि बोटे जातात. दारू अंदाजाने मुठीने घालायची नाही, मापाने घालायची. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे गजावर खूण करून आत घालून पाहायचे. पावसात केप आणि दारू दमट होते. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी लगेच तोंडाकडे वळवून डोकावायचे नाही. मोकळ्या जागेकडे धरून थोडा वेळ थांबायचे.

काडतुसाची १२ बोअरची एकनळी बंदूक महाग, पण भरायला सोपी आणि पावसात भरवशाची. मधून मोडली की उघडते, त्यामुळे भरलेली की रिकामी हे एका नजरेत कळते. १२ बोअर म्हणजे नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी अशी, की तशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. छऱ्यांचा नंबर जितका मोठा तितका छरा बारीक. पाखरांसाठी बारीक नंबर; डुकराच्या पारधीचा परवाना असेल तर एलजी किंवा एसजीचे मोठे छरे. त्यांची खरी ताकद तीस-पस्तीस मीटरपर्यंतच धरा. त्यापुढे जनावर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी निंदणाऱ्या बाईच्या अंगावर जाते. दोननळी बंदुकीत दुसरा बार हाताशी असतो, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. पहिली बंदूक घेणाऱ्याला तिची गरज नाही.

जुनी बंदूक स्वस्तात मिळते म्हणून भुलू नका. नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. खड्डे, गंज, पोचा दिसला तर सोडून द्या. बिजागरीत खडखड असेल, घोडा नीट अडकत नसेल, दस्त्याला चीर असेल तर सोडून द्या. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवला की बोट चापावर सहज पोचले पाहिजे. व्यवहार परवानाधारक दुकानातूनच करा. दोन परवानाधारकांमध्ये व्यवहार असेल तर तो परवाना अधिकाऱ्याच्या नोंदीनेच झाला पाहिजे. गावठी कट्टा कितीही स्वस्त असला तरी त्याची किंमत तुरुंगात मोजावी लागते.

आणखी एक गोष्ट कोकणातून शिकण्यासारखी. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडील वारले की ती बंदूक घरात ठेवणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणे. ती ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची आणि वारसाने आपल्या नावे अर्ज करायचा. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही आणि मग कागद अंगाशी येतात.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

आपण उत्पादनखर्च मागणारे लोक. तेव्हा बंदुकीचाही उत्पादनखर्च मांडू. बंदुकीची किंमत ही फक्त पहिली ओळ. तिच्याखाली लिहा: अर्जाची आणि परवान्याची फी, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलीस चौकशीच्या काळातल्या फेऱ्या, बुडालेली मजुरी, कुलपाचे कपाट, काडतुसे, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मालवणचा शेतकरी या कामासाठी ओरोसला चकरा मारतो, तुम्ही तुमच्या जिल्ह्याच्या गावी माराल.

त्यावर निवडणूक आली की बंदूक जमा. हे दुखणे सिंधुदुर्गात शिगेला पोचलेले असते. लोकसभेच्या २०१४, २०१९ आणि २०२४ च्या निवडणुका एप्रिल-मेच्या सुमारास झाल्या. ऐन काजू-आंब्याच्या हंगामात. विधानसभेची २०१९ ची निवडणूक ऑक्टोबरात आणि २०२४ ची नोव्हेंबरात. तेव्हा तिकडे भाताची कापणी आणि आपल्याकडे ज्वारी-कपाशी. ज्या महिन्यांसाठी परवाना घेतला त्याच महिन्यांत बंदूक पोलीस ठाण्याच्या कपाटात. डुकराला आचारसंहिता लागू नाही. खरे म्हणजे सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा कराव्यात असा नियम नाही. कुणाची बंदूक जमा करायची हे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या छाननी समितीने प्रकरण पाहून ठरवायचे असते. पण प्रकरण पाहण्यापेक्षा सरसकट नोटीस काढणे सोपे जाते.

आता शेवटची ओळ लिहा, जी आपण कधीच लिहीत नाही. पीक भरण्यापासून घरात येईपर्यंत साठ रात्री जागरण धरा. एका रात्रीला अर्ध्या दिवसाची मजुरी लावली तरी तीस दिवसांची मजुरी झाली. बंदूक असो नसो, हा खर्च आहेच, कारण बंदूक जागत नाही, शेतकरी जागतो. ज्वारीच्या क्विंटलमागे हा आकडा मांडून पाहा. आपण स्वतःच तो मांडत नाही, मग भाव ठरवणाऱ्याने तो धरावा असे कुणाला सांगणार?

बंदुकीआधी काय?

ज्याच्याकडे बंदूक नाही त्याने हात बांधून बसावे असे नाही. सौर कुंपणाचे यंत्र तारेत सतत वीज सोडत नाही; क्षणभराचा झटका थांबून थांबून देते. जनावर दचकते, मरत नाही. डुकरासाठी खालच्या तारा जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर हव्यात, आणि तारेला गवत टेकले की झटका जमिनीत जातो. म्हणून कुंपणाखालचे तण काढणे हे निंदणीइतकेच नेमाने करावे लागते. एकट्याने पाच एकराला कुंपण घालणे महाग पडते. दहा जणांनी मिळून पन्नास एकराच्या गटाला घातले तर दर एकरी तार कितीतरी कमी लागते. जंगलाशेजारच्या गावांना यासाठी जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. खांबावरच्या लाईनची वीज थेट तारेत सोडू नका. त्या तारेला डुकराच्या आधी शेजारी चिकटतो, कधी स्वतःचा मुलगाच चिकटतो. मेलेला माणूस परत येत नाही आणि जिवंत राहिलेल्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. फासकीचे आणि गावठी बॉम्बचेही तेच. त्यात डुकराऐवजी गावची गाय सापडते, नाहीतर बिबट्या सापडतो आणि मग सगळा गाव चौकशीला.

नुकसान झाले की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंचनाम्याआधी शेत साफ करू नका. भरपाई अपुरी आहे हे खरे. पण अर्जच नसेल तर सरकारच्या कागदावर तुमच्या शेतात डुक्कर कधी आलेच नाही.

भांडण हरणाशी नाही

इतर राज्यांनी वेगवेगळे उपाय केले. केंद्राने २०१५ च्या अखेरीस बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर यांना वर्षभरासाठी उपद्रवी ठरवले. २०१६ साली मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून रोही मारले गेले, दिल्लीत दोन मंत्र्यांची जाहीर जुंपली आणि मुदत संपली. केरळने २०२२ साली रानडुकराच्या बाबतीत परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत खाली आणला. मला दुसरी वाट जास्त शहाणपणाची वाटते. डुक्कर रात्री येते, आणि निर्णय घेणारा माणूस त्या रात्रीच्या जवळपास असला पाहिजे.

हरीण आपले वैरी नाही. वन्यप्राणी ही सगळ्या देशाची संपत्ती आहे, असे आम्हाला सांगतात. मान्य. मग या संपत्तीचा चारा-पाण्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दोन एकरावर का? शहरातला माणूस अभयारण्यात हरीण बघायला तिकीट काढतो. आमच्या शेतात तेच हरीण फुकट जेवून जाते, आणि त्या ताटाचे पैसे मागितले की आम्ही निसर्गाचे शत्रू ठरतो. देशाला हरीण हवे असेल तर देशाने त्याचे बिल भरावे. एवढाच आमचा मुद्दा आहे.

येत्या जिल्हा बैठकीत पुढचे ठराव मांडावेत अशी सूचना करतो:

१. वन्यप्राण्यांच्या नुकसानीची भरपाई त्या वर्षीच्या बाजारभावाने आणि ठरलेल्या मुदतीत मिळावी.

२. रानडुक्कर आणि रोही यांच्या पारधीच्या परवान्याचा निर्णय तालुक्याच्या आत आणि मुदतीत व्हावा.

३. निवडणुकीत शेतीसंरक्षणाच्या बंदुका सरसकट जमा करू नयेत. प्रत्येक प्रकरण छाननी समितीने खरोखर पाहावे.

४. गटाने घातलेल्या सौर कुंपणाला अनुदान मिळताना जंगलाशेजारचे गाव आणि माळरानाचे गाव असा भेद नसावा.

५. उत्पादनखर्च मांडताना राखणीच्या रात्री धराव्यात. आणि याची सुरुवात प्रत्येकाने आपल्या घरच्या वहीपासून करावी.

आता त्या तरुणाला उत्तर. बाळा, हरणासाठी रायफल घेऊ नकोस. ती मिळणार नाही. आणि मिळाली तरी तुला जगू देणार नाही. बंदूक घ्यायचीच असेल तर राखणीची घे. आधी प्रशिक्षण घे, मग परवाना, मग एकनळी साधी बंदूक. भरलेली बंदूक घरात टांगू नकोस आणि अंधारात हललेल्या झुडपावर कधीही बार काढू नकोस. झुडपाआड कोण आहे हे दिसेपर्यंत बोट चापाबाहेर. पण त्याच्याही आधी तुझ्या शिवाराला शिव असलेल्या नऊ जणांना गोळा कर, कुंपणाचा हिशोब मांड आणि येताना राखणीच्या रात्रींची वही घेऊन ये.

निरोप घेताना मी तात्यांना विचारले, इतक्या वर्षांत किती डुकरे मारली? तात्या हसले. "मारलंय किती ता इचारू नको. भात किती घरात इला ता इचार."

हिशोब तोच विचारायचा आहे. किती पीक घरात आले, आणि जे आले नाही त्याचे पैसे कोण देणार?